खालच्या बांधीचं पाणी

दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेली माणसं अजून पाय चोळत होती, आणि इकडे सालईटोल्याच्या खालच्या अंगाचा धान तहानेने माना टाकायला लागला होता. भारी धान, उशिरा येणारा. लोंबी पोटात धरलेली, आज-उद्या बाहेर येईल अशी. याच वेळी त्याला एक पाणी लागतं. मिळालं तर दाणा भरतो, नाही तर नुसतं फोलपट. सत्यभामा बांधीत, आपल्या धानाच्या वाफ्यात, उतरली तर तिची टाच भेगेत गेली. तिने वाकून भेगेत बोट घातलं. बोट संपलं, भेग संपली नाही.

पाणी नव्हतं असं थोडंच आहे? गावच्या तलावाची पार चढून उभं राहिलं की कमळाच्या पानांपर्यंत भरलेलं पाणी दिसायचं. तुडूम, म्हणजे तलावाचं दार, उघडला की ते पाटाने वरच्या बांध्यांत यायचं, आणि तिथून बांधी ते बांधी, मधल्या बांधाला, धुऱ्याला, तोंड फोडत फोडत खाली उतरायचं. वरच्यांचं झालं की खालच्यांचं, अशी आजा-पणज्यापासूनची रीत. यंदा वरच्यांना दोनदा पाणी झालं. मग पाणीवाटप कमिटीचे अध्यक्ष भैयाजी म्हणाले, आता तलावात मासोळीपुरतं पाणी राखायचं आहे, तुडूम बंद. खालच्या चौदा घरांच्या बांध्या कोरड्या राहिल्या. चौदाही घरं बौद्धांची. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊकच होतं.

"मासोळ्याईले पानी पाह्यजे म्हन्ते," वरच्या बांधीतून गोदावरीबाई म्हणाली. ही सत्यभामेची चुलत सासू. पंचाहत्तरी गाठलेली, पाठीत वाकलेली आणि जिभेने सरळ. तिची बांधी वर, तिच्या खाली लागून परसराम आणि सत्यभामेची, आणि त्यांच्या खाली बाकी बारा घरांच्या. "आपुन मासोळ्या असतो तं बरं झालं असतं, नाही व?"

"मासोळ्याईले मत नसते, काकी," सत्यभामा म्हणाली.

"म्हनूनच भेटते त्याईले फुकट."

आमदारकीचं मतदान आठवड्यावर आलं होतं. गोदावरीबाईला राजकारणातलं फारसं कळत नव्हतं असं ती म्हणायची, पण कळायचं तिलाच जास्त.

सत्यभामेचा नवरा परसराम हा वस्तीचा वाचणारा माणूस. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा तो त्यानेच. आवाज काही खणखणीत नव्हता, पण स्वच्छ होता. शब्द गिळायचा नाही. चौदा एप्रिलला मोहाडीपासून तुमसरपर्यंत त्याला भाषणाला बोलावणं यायचं. तीस वर्षं निळा झेंडा त्याच्या खांद्यावर. या खेपेला निळ्या झेंड्याचे अंकुश वकील उभे होते. ते वस्तीत आले तेव्हा त्यांच्या जीपला झेंडा परसरामनेच बांधला, वाऱ्याने सुटू नये म्हणून तार पिळून पिळून. त्यांच्या समोर होते भगव्या झेंड्याचे चंद्रकुमार. त्यांच्या विचाराला परसराम जन्मभर नावं ठेवत आला होता, आणि मागून नाही, भर सभेत ठेवत आला होता. सालईटोल्यात चंद्रकुमारांचा उजवा हात म्हणजे भैयाजी. आणि तुडुमाची चावी भैयाजींच्या घरात.

त्याच दिवशी दुपारी भैयाजींची फटफटी बांधीशी येऊन थांबली. ते उतरले नाहीत. गाडीवर बसूनच त्यांनी एक बूट धुऱ्यावर टेकवला. परसराम खाली बांधीत उभा होता. सत्यभामा पलीकडे धुऱ्यावरचं गवत कापत होती. तिचा विळा मंदावला.

"धान तं चांगला आहे गा तुहा, परसराम."

"पानी भेटलं तं चांगला, भैयाजी."

"भेटते ना. काहून नाही भेटनार?" भैयाजींनी खिशातून सुपारी काढली. "उद्या मोहाडीले बाजार आहे. चंद्रकुमारभाऊची सभा आहे. तू ये. तुले काही बोलाचं नाही, काही नाही. गळ्यात गमछा घालू, फोटो काढू, झालं. तिकडे तू मंचावर चढला का इकडे गोमाजी तुडूम उघडते. चौदाही घराईले. तुले एकट्याले नाही म्हनून राह्यलो मी."

"आमच्या वस्तीत बावन मतं आहेत. बावन मतानं कोनी आमदार होत नाही जी."

"मतं कोन मागून राह्यलं? तुहं तोंड पाह्यजे. तुहं तोंड दाहा गावच्या वस्त्या ओळखतात." भैयाजींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "अन् तू आला म्हंजे मत बी आलंच. तुहा शब्द मले माहीत आहे. तू हो म्हनला का मी कागद मागत नाही."

बोलता बोलता त्यांनी बूट हलवला. धुऱ्याची वाळकी माती ढासळून परसरामच्या पायावर पडली. त्याने पाय काढला नाही, तसाच मातीत राहू दिला. सत्यभामेला वाटलं, आता हा बोलेल. तीस वर्षं मंचावरून बोलला ते सगळं आता या धुऱ्याखालून बोलेल. तिचा विळा थांबलाच.

"इचार करून सांग," भैयाजी म्हणाले.

"धान इचारासाठी थांबनार आहे का?" परसराम म्हणाला. मग खाली बघत, "तुडूम कितीक वाजता उघडनार?"

सत्यभामेने विळा खाली ठेवला. नवरा हो म्हणाला होता.

घरी तिने भात वाढला, वर अंबाडीची भाजी घातली, आणि त्याचा पहिला घास तोंडात गेल्यावर विचारलं,

"मानसं काय म्हनतीन?"

"धान झाला नाही तं काय खातीन?"

"वस्तीले विचारा तं एकडाव. विहारात बसवा सगळ्याईले."

"विचारलं तं नाही म्हनतीन," परसराम म्हणाला. "नाही म्हनाले काय लागते? नाही म्हनून घरी जातीन अन् आभाळाकडे पाह्यत बसतीन. मी विचारत नाही, हर्षाची माय. माह्या एकट्यावर राहू दे."

त्याचं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. पोरगी हर्षा भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती, ती फोनवर काय म्हणेल याचाही सत्यभामेने विचार केला आणि पोरीला फोन केला नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. याच माणसाने पाटीवर हात धरून शिकवलं. पंचशीलाची पाली वाक्यं तिला घोकायला लावली, आणि घोकून झाल्यावर म्हणाला, नुसतं घोकशील तं पोपट होशील, अर्थ समजून घे. मग शेतात जाता-येता एकेका शीलाचा अर्थ सांगितला. तिने समजून घेतला होता, आणि आता तोच तिला टोचत होता.

सकाळी परसरामने संदुकीतून पांढरा सदरा काढला. विहारात वाचताना घालायचा तो.

"थो नाही," सत्यभामा म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. सदऱ्याची घडी होती तशी पुन्हा बसवली, संदूक लावली, आणि कॉलर विरलेला शेतातला सदरा अंगात घातला. भैयाजींची जीप आली. वस्तीतल्या दारादारातून माणसं बघत होती. कोणी 'कुठे' म्हणून विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलंच होतं. परसराम मागच्या बाकावर बसला. पुढे बसा असं त्याला कोणी म्हटलं नाही.

दुपारी सत्यभामा फावडं घेऊन बांधीवर जाऊन बसली. ऊन मानेवर. खालच्या अंगाला बाकी घरांची माणसं आपापल्या धुऱ्यावर फावडं टेकून उभी. एकमेकांशी बोलत नव्हती, तिच्याशीही नव्हती. पण आली होती, फावडं घेऊन आली होती, हे तिने नीट बघून ठेवलं.

दोन वाजता पाणकर गोमाजी पारीवरून आला. खांद्यावर तुडुमाची लोखंडी चावी. म्हातारा भला माणूस, पण भला माणूस असून भैयाजींचं ऐकायचा.

"चढला म्हन्ते तुहा मालक मंचावर," तो म्हणाला. "भैयाजीचा फोन आला. दिवस बुडेपर्यंत सोडतो, मंग बंद. जेवढं ओढता येते तेवढं ओढा बाई."

आणि पाणी आलं. पाटातून वाळका पाला, काटक्या, फेस पुढे ढकलत आलं. भेगांमध्ये शिरताना सूं सूं आवाज करत आलं. भेगांतले किडे, बारके खेकडे पळायला लागले, आणि त्यांच्यामागे बगळे उतरले. ओल्या मातीचा वास आला तसा सत्यभामेला आनंद झाला. खरा आनंद, अंगभर. लाज वाटायला हवी होती. ती मागाहून आली.

भैयाजींची शेवटची बांधी भरली. तिच्या खाली गोदावरीबाईची. मधला धुरा गोदावरीबाईचा; त्याला तोंड फोडलं की पाणी गोदावरीबाईच्या बांधीत, तिथून सत्यभामेच्या, तिथून खाली बाराही घरांत. पाण्याला दुसरी वाटच नव्हती. आणि त्या तोंडावर गोदावरीबाई पाय पसरून बसली होती.

"काकी, तोंड फोडा ना. पानी आलं."

"मले नाही पाह्यजे हे पानी."

सत्यभामेला आधी वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे. पण म्हातारीचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

"बाबासाहेबानं तळ्याचं पानी हक्कानं पेलं," गोदावरीबाई म्हणाली. "तुह्या नवऱ्यानं गळ्यात गमछा घालून आनलं. मी नाही घेत."

"चौदा घराईचा धान आहे, काकी."

"त्याच्यात माहा बी आहे."

आता काय करावं माणसाने? धुरा ज्याचा त्यानेच फोडायचा, हा झाडीपट्टीतला कायदा. सख्खे भाऊ कुऱ्हाड घेऊन अंगावर जातील, पण एकमेकांचा धुरा फोडणार नाहीत. दुसऱ्याचा धुरा फोडणं म्हणजे त्याच्या पेटत्या चुलीत पाणी ओतणं. सत्यभामेच्या हातात फावडं होतं, समोर हातभर रुंद माती होती, आणि तिच्यावर पंचाहत्तर वर्षांची बाई बसली होती.

भैयाजींची बांधी काठोकाठ झाली आणि पलीकडच्या कोपऱ्यातून पाणी नाल्यात पडायला लागलं. खळखळ, खळखळ. चौदा घरांचं पाणी सरळ नाल्याला. खालून कोणीतरी ओरडलं, "काहून थांबलं गा पानी?" ऊन पळसाच्या झाडावर उतरलं होतं. तुडूम लागायला तासभर, फार तर दीड तास.

सत्यभामेला विनवण्या करता आल्या असत्या. पाय धरता आले असते. ती म्हातारीच्या शेजारी धुऱ्यावर जाऊन बसली. दोघींच्या टाचा सारख्याच फुटलेल्या. गोदावरीबाईने हात लांब करून आपल्या धानाचं एक ताट ओढून घेतलं, पोटरी दोन बोटांत दाबून पाहिली. आतली लोंबी चिपाड लागली असावी. तिने ताट सोडून दिलं आणि मग दुसरं ओढलं. मग तिसरं.

"थो तिथं काय बोलला?" तिने विचारलं.

"मले काय माहीत? मी इथंच आहे."

"हर हर, जय जय केलं असन त्यायच्यासारखं."

नाल्यातला आवाज वाढत होता. गोदावरीबाईने दोनदा तिकडे मान वळवली. तिसऱ्यांदा वळवली तेव्हा तिचा जीव तळमळला होता, हे तिच्या मानेवरच्या शिरेतही दिसलं.

"मले लघवीले जाचं आहे," ती एकदम म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन उठली. "मी थ्या पळसामागं जाऊन येतो. मले येळ लागते, म्हातारी मानूस आहो. तुले काय कराचं थे कर. मी पाह्यलं नाही."

आणि मागे न बघता गेली.

सत्यभामेने फावडं उचललं. जन्मात कधी दुसऱ्याच्या धुऱ्याला तिने फावडं लावलं नव्हतं. पहिला घाव वरवर बसला. दुसऱ्याला माती हलली. तिसऱ्याला पाणीच आपण होऊन पुढे आलं आणि उरलेली माती घेऊन गेलं. काही वेळाने तिने आपला धुरा फोडला, तिच्या खालच्यांनी त्यांचा, त्यांच्या खालच्यांनी त्यांचा. फावडी झराझरा चालली. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. नवऱ्याने आज काय केलं हे तिला तेव्हा उमगलं. आणि तिनेही तेच केलं होतं.

गोदावरीबाई पळसामागून आली ती बांधीत घोटाभर पाणी झाल्यावर.

"कोनं फोडलं व?"

"मी."

"हूं," म्हातारी म्हणाली, आणि खालच्या धुऱ्यात उंदराचं बीळ झिरपत होतं ते चिखलाने बुजवायला वाकली.

दिवस बुडता बुडता परसराम आला. जीपने नाही, पायी. गमछा गळ्यात नव्हता. खिशातून त्याचं भगवं टोक दिसत होतं. त्याने चपला काढल्या आणि पाण्यात उतरला, लोंब्यांना हात लावत खालच्या टोकापर्यंत गेला. शेवटच्या घराच्या बांधीत पाणी पोचलं की नाही, ते बघून परत आला. तोवर वस्तीतली दहा-पंधरा माणसं धुऱ्यावर जमली होती. पायांना त्याच पाण्याचा चिखल.

गोदावरीबाईच बोलली.

"झालं थे झालं, परसराम. गमछा घातला, पानी आलं. आता आयक. मत मातर अंकुश वकिलाले. सगळ्या वस्तीचं. पेटीत कोन डोकावून पाह्यते? तू बी आपल्यालेच दे अन् मोकळा हो. कोनी तुले काही म्हननार नाही."

माणसांनी माना हलवल्या. हा तोडगा चांगला होता. पाणीही मिळालं, मतही घरात राहिलं. सत्यभामेचीही मान हलली. तिने परसरामकडे पाहिलं.

"तुमी द्या," परसराम म्हणाला. "तुमच्यातल्या कोनीच शब्द देला नाही. म्या देला."

"त्याईले?" गोदावरीबाई म्हणाली. "त्याईले देलेला शब्द पाळतं तू?"

"देला त्याईले, काकी. पन तोंड तं माहंच होतं."

"मंग पुनवेले थ्या तोंडानं ग्रंथ वाचू नको."

नाल्याचा आवाज आता बंद होता. तुडूम लागला होता.

"बरं," परसराम म्हणाला.

घरी येताना सत्यभामा चार पावलं मागे चालत होती. तिला त्याचा राग आला होता, असा की हातातलं फावडं फेकून द्यावं. लबाडी करायची तर पुरती करावी माणसाने. हा अर्धी लबाडी करून अर्धा खरा राहायला निघाला होता, आणि दोन्हीकडून मार खात होता.

"काय बोलले तिथं?" तिने पाठीला विचारलं.

"बोलाचं नव्हतं. पन त्याईनं माईक देला." तो चालत राहिला. "हातात माईक आला का आपल्या तोंडातून काय निंघते, तुले माहीत आहे. सवय. जय भीम म्हनलो."

"मंग?"

"मले वाटलं, आता शिव्या पडतीन. पडल्या असत्या तं बरं झालं असतं, तसाच उतरून आलो असतो. पन टाळ्या पडल्या, हर्षाची माय. लई टाळ्या पडल्या. चंद्रकुमारनं माहा हात धरून वरते केला."

सत्यभामेने चार पावलं भरून काढली आणि त्याच्या बरोबरीने चालायला लागली.

पुनवेपर्यंत लोंब्या बाहेर आल्या. चौदाही घरांच्या. सकाळी धान फुलोऱ्यात आला की बांध्यांवर पांढुरकी झाक दिसायची आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघून यायचे. परसरामच्या घरावरून जाताना मात्र सरळ बघत जायचे. अंकुश वकिलांची जीप एकदा वस्तीत आली, त्याच्या दारासमोर हळू झाली, आणि थांबली नाही. झेंडा अजून त्याच तारेने बांधलेला होता.

पुनवेच्या संध्याकाळी विहार भरला. वर्षावासाची समाप्ती. बाया पांढऱ्या लुगड्यांत, समोर खिरीचं पातेलं, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, चौरंगावर ग्रंथ, आणि चौरंगामागची जागा रिकामी. परसराम आला होता. दाराबाहेर, चपलांच्या बाजूला, ओट्यावर बसला होता. त्याला ये कोणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. अंगात तोच विरलेला सदरा होता.

"वाचन कोन?" कोणीतरी पुटपुटलं. पोरं शिकलेली होती, पण पोरं खाली बघायला लागली.

"सत्यभामे, तू वाच," गोदावरीबाई म्हणाली.

"मी अडखळतो, काकी."

"अडखळ. आमाले घाई नाही."

सत्यभामा चौरंगामागे जाऊन बसली. तिथून दार समोरच होतं. दारातून नवऱ्याची पाठ दिसत होती, आणि मानेवरचा, उन्हाने रापलेला पट्टा. तिने हात जोडले. त्रिशरण झालं. मग पंचशील. ती एक वाक्य म्हणायची, तिच्यामागून सगळा विहार म्हणायचा. पहिलं शील झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. भिंती घुमत होत्या.

मग चौथं. मुसावादा. मी खोटं बोलणार नाही.

तिने म्हटलं, आणि म्हणताना धुऱ्यावरचा तो तोडगा तिला आठवला. तिलाच नव्हे, सगळ्यांनाच आठवला असावा, कारण विहाराचा आवाज एकदम खाली गेला. कोणी नुसते ओठ हलवले. कोणाला खोकला आला. गोदावरीबाई पदराने डोळे पुसायला लागली, धूर नसताना. आणि दाराबाहेरून एक आवाज आला. एकट्याचा, खणखणीत नाही पण स्वच्छ. आख्खं वाक्य, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकही शब्द न गिळता.

तो थांबला तेव्हा मेणबत्तीवर एक किडा येऊन आपटला.

"दार लावा व कोनी," गोदावरीबाई म्हणाली. "धानाचे किडे येऊन राह्यले दिव्यावर."

कोणी उठलं नाही. ती स्वतःही उठली नाही.

सत्यभामेने पाचवं शील म्हणून घेतलं. मग ग्रंथ उघडला, खुणेचा कागद काढला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचायला लागली.